ताण्याची दोन टोकं

मारोतीचा फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवून घरी येऊन पाय धूत होते. मारोती माझा चुलतभाऊ, वाडीवरच राहतो. म्हणाला, "अक्का, घर बांधून राहिलो. ताण्याच्या जागेवर. उद्या आखणी हाय. तुमी या, आन् आबांना बी आणा."

ताण्याची जागा म्हणजे आमच्या जुन्या घरासमोरची लांबट, मोकळी जमीन. घोंगडी विणायच्या आधी तिचं उभं सूत उन्हात लांबवर ताणून ठेवावं लागतं. त्याला ताणा म्हणतात. माझ्या लहानपणी त्या जमिनीवर दुसरं काही होत नसे. गुरं बांधत नसत, धान्य वाळवत नसत. आता कैक वर्षं तिथं सुताचा एक धागाही ताणलेला नाही, तरी नाव तेच राहिलं आहे.

आबा ओसरीत खाटेवर बसले होते. माय गेल्यापासून ते कुरुंद्याला माझ्याकडेच असतात. मला भाऊ नाही. पलीकडच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती आणि तिचा तो उग्र, ओलसर वास घराघरांत भरला होता. मी त्यांना मारोतीचा निरोप सांगितला. ते रस्त्याकडे बघत राहिले.

"तू जाऊन ये," म्हणाले.

"तुमी न्हाई येत?"

"गुडघे," एवढंच म्हणाले.

सकाळच्या एसटीनं मी निघाले. वारंगा फाट्यावर उतरले तेव्हा दुकानं नुकतीच उघडत होती. एका दुकानापुढं दोरीवर ब्लँकेटं टांगली होती. वाघांची, गुलाबांची, मोरांची. वारा आला की वाघ पोटातून फुगायचे. मी तिथं चहा घेतला. डोंगरकड्याला जाणारी काळीपिवळी भरेपर्यंत त्या वाघांकडे बघत बसले. डोक्यात काही नव्हतं. डोंगरकड्याहून मारोतीनं मोटारसायकलवर घेतलं आणि आम्ही वर चढायला लागलो. पळसाला फुलं आली होती. बाकी डोंगर उघडा, खडकाळ, जसा होता तसा.

ताण्याच्या जागेवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. ही खोली, हे स्वैपाकघर, हा जिना. गवंडी आणि त्याची माणसं बाभळीखाली बसून तंबाखू मळत होती. मला वाटलं होतं, हे बघितल्यावर आपल्याला काहीतरी होईल. डोळे भरतील. तसं काही झालं नाही. अंगाखाली हात दबून झोपल्यावर सकाळी तो आपला वाटत नाही, तसं काहीसं होतं. मी रेघा ओलांडत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि तिथल्या दगडावर बसले.

दिवाळी सरली की खालच्या शेतांत धनगरांच्या मेंढ्या खतासाठी बसायला यायच्या. वारा डोंगराकडे असला तर त्या दिसायच्या आधी त्यांचा वास यायचा. मग एक दिवस पागोटेवाला म्हातारा धनगर लोकरीची गाठोडी घोड्यावर लादून वर आणायचा. ओसरीत गाठोडं सोडलं की घरात एक तुपकट, उबदार वास पसरायचा आणि तो पुढं उन्हाळ्यापर्यंत जायचा नाही. आमच्या केसांना तो वास, भाकरीला तो वास. शाळेत पोरं नाक धरायची. मला तो वास येतच नसे. डोंगरकड्याला मावशीकडे राहून परत आले की दारातच तो यायचा आणि कळायचं, घरी आलो.

माय आणि काकी लोकर निवडायच्या. काळी वेगळी, करडी वेगळी, तांबूस वेगळी. तिच्यात गोखरू असायचे, कुसळं असायची, कधी वाळलेल्या बोराची आठळी. सगळ्या डोंगराचं काही ना काही त्या लोकरीत अडकून घरी यायचं. हिवाळ्यात मायचे हात उलायचे, बोटांच्या पेरांतून रक्त यायचं. पण लोकरीचं काम सुरू झालं की तिच्यातल्या तेलकटपणानं ते मऊ व्हायचे. त्या दिवसांत माय केसांतून हात फिरवायची तेव्हा तो अडकत नसे. पुढं लोकर घरात येणं थांबलं, तेव्हा मायचे हात पुन्हा कधीच मऊ झाले नाहीत. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

लोकर पिंजायची, तिच्या लांबट गुंडाळ्या, म्हणजे पेळू, करायचे, मग चरखे. दोन चरखे समोरासमोर. माय आणि काकी दिवसभर सूत काढायच्या आणि दिवसभर बोलायच्या. माहेरचं, शेजारचं, कुणाची गाय आटली, कुणाची सून रुसली. दोघी जावा, पण बहिणींसारख्या. एकीचा धागा तुटला की दुसरी आपला चरखा थांबवायची, म्हणजे बोलणं पुढं जाणार नाही. घराच्या एका अंगाला असं अखंड बोलणं चाललेलं असायचं, आणि दुसऱ्या अंगाला अजिबात नाही.

आबा थोरले. केरबाकाका धाकटे. दोघं एका घरात राहायचे, एका मागावर विणायचे, आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत.

भांडण झालेलं मी कधी पाहिलं नाही. आवाज चढलेला ऐकला नाही. ते बोलत नसत, एवढंच. जसा डोंगर होता, विहीर होती, तसं ते होतं. मी पुष्कळ मोठी होईपर्यंत मला वाटायचं, भाऊ भाऊ असेच असतात.

चिंचोके भाजायला सुरुवात झाली की आम्हा पोरांना कळायचं, ताणा लागणार. भाजलेल्या चिंचोक्यांची टरफलं काढायची, ते भिजवायचे, वाटायचे आणि मोठ्या भगुण्यात शिजवून त्यांची खळ करायची. ती खळ सुताला लावली म्हणजे सूत ताठ होतं, विणताना तुटत नाही. आम्ही चार चिंचोके खिशात घालून शाळेत न्यायचो आणि दिवसभर गालात धरून चघळायचो. खळ शिजताना जो वास येतो त्याला मला नाव देता येत नाही. जरासा आंबट, जरासा करपट. कुणाच्या तरी घरी भाजलेल्या कशाचा तरी वास आला की अजून मी थांबते. पण तो दुसराच असतो.

सकाळी ऊन पडायच्या आत ताणा जमिनीवर ताणलेला असायचा. एक खुंटा बाभळीकडे, एक विहिरीकडे. मधे काळ्या सुताचा लांबच लांब पट्टा, जमिनीपासून वीतभर वर. आबा बाभळीकडच्या टोकाला उभे राहायचे, काका विहिरीकडच्या. दोघांच्या हातात गवताच्या काड्यांचा जाड कुंचा, बाजूला खळीचं भांडं. मग दोघं आपापल्या टोकाकडून खळ लावत निघायचे. खळ वाळायच्या आत कुंचा फिरला पाहिजे, नाहीतर धाग्याला धागा चिकटतो आणि सगळा ताणा जातो. म्हणून हे एकट्याचं काम नव्हे. कुंच्याचा तो आवाज, सर्र सर्र, दोन बाजूंनी येत राहायचा आणि जवळ जवळ येत जायचा. मधोमध दोघं एकमेकांपाशी पोचायचे. खांद्याला खांदा लागेल इतके जवळ. एक जण क्षणभर कुंचा उचलून बाजूला सरायचा, दुसरा पुढं जायचा. कोणी सरायचं हे त्यांचं ठरलेलं असावं, कारण कधी धडक झाली नाही. नजरही उचलायचे नाहीत. मग एकाचा कुंचा दुसऱ्याच्या टोकाकडे आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या. ऊन चढेपर्यंत हे असं चालायचं.

कधी सांगायची गरज पडायचीच. तेव्हा आबा मान न वळवता मोठ्यानं म्हणायचे, "म्हणावं, तिकडून ढिलं पडून राहिलं."

माय चरख्यावरून काकीला म्हणायची, "ढिलं पडलं म्हणतेत."

काकी अंगणाकडे तोंड करायची. "ऐकलं का? ढिलं पडलं तिकडून."

काकांनी ते आधीच ऐकलेलं असायचं. पण काकी बोलेपर्यंत ते थांबायचे. मग खुंट्याचा दोर ओढून म्हणायचे, "म्हणावं, आता बघा."

"आता बघा म्हणतेत," काकी मायला सांगायची.

"बघा म्हणतेत," माय आबांना सांगायची.

"बराबर," आबा म्हणायचे. ते मात्र कुणी पुढं सांगायचं नाही. ते तसंच हवेत सोडून द्यायचे.

काकी आबांशी कधी बोलायची नाही. थोरल्या दिरापुढं ती डोक्यावरचा पदर सुद्धा ढळू द्यायची नाही. काका मात्र मायशी बोलायचे, थट्टा करायचे, "वयनी, तुमचं सूत म्हणजे दोरखंड हाय," म्हणायचे. आबा तिथंच बसलेले असायचे. काकांच्या थट्टेवर कधीतरी त्यांच्या मिश्या हलायच्या. हसू आलं की काय, ते कळायचं नाही.

माग घराच्या मधल्या खणात होता. जमिनीत खड्डा, त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि जमिनीलगत विणायचं. सकाळी उन्हं वर येईस्तोवर ताण्याचं काम, मग दुपारपर्यंत आबा मागावर. दुपारी आबा उठले की जेवून काका बसायचे. एकाच घोंगडीवर. आबांनी जिथं सोडलं असेल तिथून काका उचलायचे. आबा उठताना मागावर हात फिरवून बारीक धागे झटकून द्यायचे, बसायची जागा पुसायचे. काका आले की काहीही न बोलता पाय खाली सोडायचे. थोड्या वेळानं ठोका सुरू व्हायचा. घरात कुठंही असलं तरी ठोक्यावरून कळायचं, मागावर कोण आहे. आबांचा ठोका सावकाश, मधे अंतर ठेवून पडायचा. काकांचा लवकर लवकर आणि जोरात.

घोंगडी उतरली की माय ती अंगणात पसरायची, मला जवळ बसवायची आणि माझं बोट धरून घोंगडीवरून फिरवायची. "हे बघ, हितवर तुझा बाप. आता हितून केरबा." आणि खरंच बोटाला कळायचं. आबांची वीण मऊ, थोडी सैल. काकांची घट्ट. मधे एक ओळ यायची, जिथं एक हात संपून दुसरा सुरू व्हायचा. डोळ्यांनी काही दिसत नसे. बोटालाच लागायची.

म्हाताऱ्या धनगराला ते ठाऊक होतं. नवी घोंगडी घेताना तो ती दोन्ही हातांनी चाचपायचा आणि म्हणायचा, "हे घट अंग मी डोक्याकडं घेणार. पावसाचं पाणी गळत न्हाई." मग दुसरं टोक गालाला लावायचा. "आन् हे पायाकडं. ऊब ह्याच्यात हाय." आबा आणि काका दोघंही तिथं उभे असायचे. दोघांनाही ऐकू जायचं. दोघंही दुसरीकडे बघायचे.

खंडेनवमीला मागाची पूजा व्हायची. आबा आधी आंघोळ करून यायचे, मागाला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे आणि बाहेर जायचे. मग काका यायचे. त्याच मागाला त्यांचं हळदकुंकू, त्यांचा नारळ. आम्हा पोरांना दोन नारळांचं खोबरं मिळायचं. शेजारची पोरं एका नारळात भागवायची. आमच्या घरातल्या अबोल्याचा मला तेवढा एक फायदा आठवतो.

मी सातवीत असेन. तेव्हा काका दमायला लागले. खोकला होता, तो आधीही असायचा. पण आता खळ लावता लावता ते थांबायचे, कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. काकी चरख्यावरून बघायची आणि माय काकीकडे बघायची. त्या दोघींचं बोलणं कमी झालं.

एका सकाळी मी ओसरीत अभ्यास करत बसले होते. समोर ताणा लागलेला. दोन्ही कुंचे निघाले. मी सहज बघत होते आणि माझ्या लक्षात आलं की ते दोघं मधोमध भेटले नाहीत. आबा मधला भाग ओलांडून विहिरीच्या बाजूला गेले होते, तिथं काकांपाशी पोचले. काकांना थोडंच चालावं लागलं. मला वाटलं, आज आबा भराभर चालले. दुसऱ्या वेळी ते आणखी पुढं गेले. त्या हिवाळ्यात आबा दर ताण्याला थोडे थोडे पुढं सरकत गेले. कुणी काही म्हणालं नाही. आबांनी मायकरवी काही निरोप दिला नाही, काकांनीही नाही. शेवटी शेवटी काका विहिरीकडच्या खुंट्यापाशी नुसते बसून असायचे, दोर हातात धरून. आबा एकटेच खळ लावत या टोकापासून त्या टोकापर्यंत यायचे. वाळायच्या आत पोचायचं म्हणून जवळजवळ पळत यायचे. काकांपाशी आले की कुंचा उचलून क्षणभर बाजूला सरायचे, जसे आधी सरायचे तसे. आणि परत फिरायचे.

मागावर मात्र काका बसत होते. दुपारी, थोडा वेळ. ठोका हळू झाला होता. आता आत कोण आहे, ते नुसतं ऐकून कळेना.

मग काकांना नांदेडला नेलं. मग परत आणलं. त्यांच्यापाशी बसायला माणसं येत होती. मला आठवतं, काकी सारखी त्यांचे पाय चोळायची. आबा ओसरीतून आत जायचे, काकांच्या खोलीच्या दारापर्यंत यायचे, उंबऱ्याशी उभे राहायचे आणि परत ओसरीत येऊन बसायचे. माय एकदा त्यांना म्हणाली, "आत जा की हो. दोन शब्द बोला." आबांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना ती काय म्हणतेय ते समजलं नसावं, असं ते बघणं होतं. जसं कुणी परक्या मुलखातल्या भाषेत बोलावं.

मग काका राहिले नाहीत.

त्या दिवसाचं मला फार थोडं आठवतं. आठवतं ते असं की मला भूक लागली होती आणि शेजारच्या घरी मला भाकरी दिली, ती मी खाल्ली, आणि पुन्हा मागितली. काकांचा मारोती लहान होता, तो गोट्या खेळत होता. आबा सगळी कामं करत होते. लाकडं, बांबू, निरोप. रडले नाहीत. लोक त्यांच्याकडे बघून आपसांत काही बोलत होते. त्यांना वाटलं असेल, अबोला होता, म्हणून. मला काय वाटलं, ते मला आजही सांगता येत नाही. मला बहुतेक काही वाटलंच नाही. घरभर असं झालं होतं, की कुणाला काही वाटत नव्हतं. माणसं उठत होती, पाणी भरत होती, निजत होती.

मागावर अर्धी घोंगडी होती. शेवटचा हात काकांचा. म्हणजे आता पाळी आबांची.

तेराव्यानंतर एका सकाळी आबा मागावर जाऊन बसले. पाय खाली सोडले. मी दारातून बघत होते. त्यांनी हात पुढं केला आणि विणलेल्या कडेवर, जिथं काकांनी सोडलं होतं तिथं, ठेवला. तसेच बसून राहिले. मायनं भाकरी झाली म्हणून हाक मारली, तेव्हा उठले. बारीक धागे झटकले, जागा पुसली आणि बाहेर आले. दुसऱ्या दिवशी बसले नाहीत. नंतरही नाही.

त्या वर्षी म्हातारा धनगर लोकर घेऊन वर आला, तेव्हा माय अंगणातच त्याला सामोरी गेली.

"औंदा नगं बाबा," म्हणाली.

"काहून?"

त्यानं ताण्याच्या जागेकडे बघितलं, घराकडे बघितलं. मग गाठोडं न उतरवताच घोडं वळवलं. त्यानंतर तो आला नाही. खालच्या शेतात मेंढ्या यायच्या, त्यांचा वास वर यायचा. घरातला वास मात्र हळूहळू गेला. कधी गेला, ते कुणालाच कळलं नाही.

आबा कुरुंद्याकडे हळद शिजवायच्या कामावर जायला लागले. हंगाम संपला की परत यायचे. आले की मागाच्या खड्ड्याला वळसा घालून आपल्या जागी बसायचे. अर्धी घोंगडी तशीच होती. तिच्यावर धूळ बसली. कसरीनं पुढचं सूत जागोजाग खाल्लं. माय कधी तिला हात लावायची नाही.

पुढच्याच थंडीत काकी आमच्या बाजूला आली. तेव्हा मधे कूड घातलेला नव्हता, पण चुली वेगळ्या झाल्या होत्या. आबा मागाजवळ बसून सुपारी कातरत होते. माय चुलीशी होती. मला वाटलं काकी मायशी बोलायला आली. पण ती आबांच्या समोर येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर होता. नजर खाली. आणि आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली.

"हे काढून द्या," म्हणाली. "पोरगं रातचं कुडकुडून राहिलं. त्याच्या बापाचा हात हाय त्याच्यात. अर्धं तर अर्धं."

आबांचा अडकित्ता थांबला. ते मायकडे वळले. "तिला म्हणावं," असं सुरू केलं आणि थांबले. माय हातात परात धरून नुसती उभी होती. आबांनी एकदा तिच्याकडे, एकदा खाली जमिनीकडे बघितलं.

"उद्या देतो," म्हणाले. कुणाकडेही न बघता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते मागाशी बसले होते. घोंगडी कापून उतरवली. उरलेल्या सुताच्या दशा काढल्या. एक एक धागा घ्यायचा, मांडीवर तळव्यानं वळायचा, दोन दोन वळून गाठ मारायची. जिथं सूत कसरीनं खाल्लं होतं तिथं त्यांनी दुसरं सूत जोडलं. हे काम बायका सुद्धा घटकाभरात उरकायच्या. आबांना दिवस लागला. मी शाळेतून आले तरी ते तिथंच होते. शेवटची गाठ मारल्यावर त्यांनी घोंगडी उलटीसुलटी करून हातानं चाचपली. मी बघत होते. त्यांचं बोट सैल विणीवरून घट्ट विणीवर गेलं, तिथं थांबलं आणि परत मागं आलं. असं दोनतीनदा. मग त्यांनी ती घडी केली आणि मायकडे दिली.

मारोती तिला पोटाशी धरून झोपायचा. ओढायला ती अपुरी पडायची. पुढं ती विरली, फाटली, कधीतरी चुलीपुढं बसायला टाकली. काहीच राहिलं नाही.

"चहा घे बाई," काकीचा आवाज आला, आणि मी दगडावरून उठले.

काकी आता वाकली आहे. डोळ्याला कमी दिसतं. जुन्या घराच्या ओसरीत तिनं मला बसवलं. समोर गवंड्याची माणसं उठली होती, कुदळी चालायला लागल्या होत्या. पहिली माती निघाली. लाल मुरूम. मारोती त्यांच्यात उभा राहून काही सांगत होता. त्याच्या चालण्यात काकांसारखं काही आहे का, ते मी बघत होते. मला ठरवता येईना.

मग मी काकीला विचारलं. इतकी वर्षं कधी विचारलं नव्हतं. मायलाही नाही.

"काकी, त्या दोघांचं काहून बिनसलं होतं?"

काकीनं चहाची कपबशी खाली ठेवली. "मला कुठं ठाव," म्हणाली. "मी लगीन होऊन आले, तवा बी न्हवते बोलत. मला वाटलं असंल काही, होईल चार दिसांत नीट."

"तू काकांना विचारलं नाहीस?"

"इचारलं की. एकदाच." काकी थोडी हसली. "मला म्हणले, तुला काय तकलीफ हाय? काम तर बराबर चाललंय ना."

"मग?"

"मग काय? काम तर बराबरच चालत होतं. मी पुन्हा न्हाई इचारलं." तिनं कपबशी पुन्हा उचलली. "तुझ्या मायला बी न्हवतं ठाव. आमी दोघी लई दिस त्याच्यावर बोलायचो. मग ते बी सोडलं."

कुदळीचा आवाज येत होता. मी तो ऐकत राहिले. एवढं न उलगडलेलं आपल्यासमोर आहे आणि आता ते उलगडणारा कुणी नाही, याचं वाईट वाटायला हवं होतं. मी चहा संपवला. कप धुवून पालथा घातला.

मारोती आला. घाम पुसत म्हणाला, "अक्का, दाराचं तोंड कुणीकडं करावं? गवंडी म्हणतो उगवतीला करा. माझी माय म्हणती रस्त्याकडं करा."

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला उगवतीच बरी वाटती."

"मग तसंच कर," मी म्हणाले.

दुपारी जेवून निघाले. काकीनं ओटी भरली. मारोतीनं डोंगरकड्यापर्यंत सोडलं. मागं वळून बघायचं ठरवलं नव्हतं आणि बघितलंही नाही. वारंग्यापर्यंतच्या गाडीत माझ्या शेजारी एक बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती, ते रडत होतं, ती त्याला थोपटत होती. मला त्याचा त्रास झाला नाही. बरंही वाटलं नाही.

कुरुंद्याला पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. आबा ओसरीत त्याच जागी होते. मी पिशवी ठेवली, तोंड धुतलं आणि त्यांच्याजवळ येऊन बसले. पलीकडच्या अंगणातली हळद बाया गोळा करत होत्या.

"पाया खणायला सुरुवात झाली," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली.

"काकी बरी हाय. डोळ्यांनी दिसत न्हाई फारसं."

त्यांनी पुन्हा मान हलवली. बायांनी हळदीची पोती ओढून भिंतीला लावली, अंगण झाडलं, आणि त्या गेल्या. मला वाटलं आबांना डुलकी लागली.

"तोंड कुणीकडं केलं घराचं?" आबांनी विचारलं.

"उगवतीला."

"बरं केलं," ते म्हणाले. "सकाळचं ऊन येईल आत." मग खाटेवरची चादर त्यांनी गुडघ्यांवर ओढली आणि तिची कड बोटांत धरून ठेवली. "केरबाला थंडी लई वाजायची."

त्यांच्या तोंडून ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. अगदी साधं घेतलं त्यांनी. रोज घेत असावेत तसं. मी त्यांच्याकडे बघितलं, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. मी काही बोलले नाही. मला वाटलं, मी बोलले तर ते त्यांनी मलाच सांगितल्यासारखं होईल. आणि ते त्यांनी मला सांगितलेलं नव्हतं.